'एसीत बसून' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. यीस्टच्या जनुकांवरच्या माझ्या लेखाखाली नाव न लावता कॉमेंट टाकलीत तरी उत्तर देतोय. तुमचं म्हणणं असं की यीस्टच्या जनुकांचा आकडा मी चुकवला, जनुकं बदलताना यीस्टमध्ये घालतात त्या अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या जीनबद्दल, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या जनुकाबद्दल, चकार शब्द काढला नाही, आणि "लॅबच्या एसीत बसून आम्हा कोकणातल्यांना यीस्ट शिकवू नका, तुमचं बदललेलं यीस्ट उद्या आमच्या माडीत आलं तर?"

आकडा चुकला, मान्य. जनुकं साधारण 6000, त्यातली एका वेळी एक अशी काढून बघितली तर जवळपास 5000 जनुकांशिवाय पेशी जगते, मी घाईत ते 5000 च एकूण म्हणून टाकले. दुरुस्त केलंय.

पण 'एसीत बसून' हे कुठून काढलंत हो? माझे आजोबा मालवणजवळ माडी काढायला माड चढायचे. सकाळची गोड माडी दुपारी फेसाळते आणि संध्याकाळी आंबट होऊन डोक्यात जाते हे मी चौथीत असताना बघितलंय, त्यात कोणी यीस्ट टाकत नाही, ते मडक्यातून, किड्यामाश्यांबरोबर आपलं आपण येतं. नंतर पुण्यात नऊ वर्षं लॅबमध्ये काढली, पावसाळ्यात लाईट गेली की फ्रीझरमधले स्ट्रेन, म्हणजे यीस्टचे वाण, वाचवायला रात्री दोनला धावणारा मीच. तेव्हा कोण कोणाला शिकवतंय ते जरा बघा.

माडीचं म्हणाल तर बीवाय 4741 हा लॅबमधला नेहमीचा स्ट्रेन घ्या. त्याची चार जनुकं मुद्दाम काढलेली, त्यामुळे हिस्टिडीन, ल्युसीन, मिथिओनीन, युरॅसिल यातलं काहीच त्याला स्वतः बनवता येत नाही, लॅबच्या प्लेटमध्ये, म्हणजे यीस्ट वाढवायच्या बशीत, हे सगळं आयतं वाढलं तरच तो वाढतो. माडीत अमिनो आम्लं असतात हे सांगायला परत येऊ नका, मला माहितीय, पण तिथल्या रानटी यीस्टपुढे हे लाडावलेलं पोर टिकेल असं मला तरी वाटत नाही. शिवाय काम झालं की प्लेट्स 121 डिग्रीला ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेत सगळं मारूनच टाकतात, गटारात ओतत नाहीत.

राहिली रेझिस्टन्सची जीन. ती खूण असते, जी418 हे औषध घातलं की जिच्यात बदल झालाय तीच पेशी जगते. एवढं पुरे, त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

पुढच्या वेळी नाव लावून लिहा. नाहीतर घरीच या, समोरासमोर भांडू. चहा मिळेल, माडी नाही, डॉक्टरने बंद केलीय.