गेटच्या आत कायदा, गेटबाहेर 'मग बघू'

गेल्या आठवड्यात अमेरिकेतल्या मिलवॉकीहून भाच्याने मालमत्ता कराच्या बिलाचा फोटो पाठवला. खाली एक वेगळी रक्कम होती. "मामा, ही आमच्या वस्तीची वर्गणी. आम्हीच लावून घेतलीय." मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. आमच्याकडे एजीएममध्ये मेन्टेनन्स शंभर रुपयांनी वाढवायचा विषय निघाला की चहा गार होतो, ठराव काही होत नाही.

मग फोनवर तासभर त्याचं डोकं खाल्लं. त्याच्या विस्कॉन्सिन राज्यात याला कायदाच आहे. मालकांनी मागणी केली की पालिका तो भाग सुधारणा क्षेत्र म्हणून जाहीर करते. मालकांनी निवडलेलं मंडळ वर्षाचा आराखडा करतं, पालिका बिलातून पैसे वसूल करते आणि ते त्याच वस्तीवर खर्च होतात. पावतीपुस्तक घेऊन कुणी जिने चढत नाही. हेवा वाटला, कारण मी सहा वर्षं चढलोय.

आमची गल्ली मुंबईच्या उपनगरातली, बारा सोसायट्यांची. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये लोकांनी कचरा गल्लीतच वेगळा करायला घेतला आणि महापालिकेने त्यातून एएलएमची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे रहिवाशांनी पालिकेच्या जोडीने आपली गल्ली सांभाळायची) योजना उभी केली. बऱ्याच उशिरा आम्हीही नोंदणी केली. खतखड्डे, झाडांना जाळ्या, एक माळी. दर सोसायटीने महिन्याला पाचशे रुपये द्यायचे ठरलं. पावतीपुस्तकाच्या सुरुवातीला बाराही नावं आहेत, आता चारच उरलीत. एका सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशीच उभं करून विचारलं, "साहेब, कंपल्सरी आहे का?" नाही म्हटलं. "मग बघू." झालं! पुढे कुणीतरी केबलसाठी फुटपाथ खणला, तीन खतखड्डे गेले. भरून कोण देणार, हे विचारायला आमच्याकडे ना अधिकार, ना पैसा.

गंमत म्हणजे हेच सेक्रेटरी स्वतःच्या गेटच्या आत कायद्यावर बोट ठेवून असतात. सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीला, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्तीला ०.७५ टक्के. फ्लॅट भाड्याने दिला की सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क. थकवलंत तर उपनिबंधकाकडून वसुली दाखला. यातलं मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच: वॉचमनचा, झाडूवाल्याचा खर्च वन बीएचके आणि थ्री बीएचकेला सारखाच, आणि मतही एकेकच. (कटकटी खूप आहेत, मी खजिनदार होतो, मला सांगू नका.)

म्हणून गल्लीसाठीही सक्तीची वर्गणी हवी असं माझं मत आहे, पण भाच्याकडची पद्धत जशीच्या तशी नको. तिथे योजना अडवायची तर मालमत्तेच्या किमतीनुसार ४० टक्क्यांहून जास्त वजन विरोधात लागतं. म्हणजे ज्याचं घर महाग, त्याचा शब्द मोठा. मंडळ निवडतात तेही मालकच. आमच्या गल्लीत निम्मे भाडेकरू आहेत, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी झाडांना पाणी घालणारी दोन पोरं त्यांच्यातलीच. मालक पुण्यात किंवा दुबईत. मग मताचा हक्क कुणाला?

दुसरी भीती वॉर्ड ऑफिसची. आजच ऐकवतात, "एएलएम आहे ना तुमची, करा की." उद्या वर्गणी बिलातूनच यायला लागली तर गटारसुद्धा आमच्या गळ्यात मारतील. त्यामुळे पालिकेने करायची कामं आधी कागदावर, सही-शिक्क्यानिशी, आणि मगच आमचे पैसे. आणि चार बऱ्या गल्ल्या चकचकीत झाल्या की मागच्या चाळीचं काय, हेही त्याच कागदावर यायला हवं.

रविवारी संध्याकाळी उरलेल्या चार सोसायट्यांना घरी बोलावलंय. माळीबुवांचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, पहिला विषय तोच. 'मग बघू'वाल्या सेक्रेटरींनाही निरोप धाडलाय. येतो म्हणालेत, बघू.