लिंक पाठवली म्हणजे भेट झाली का?

आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या एकच विषय घोळून राहिला आहे, रविवारच्या भक्तीचं मोबाईलवरचं लाइव्ह चालू ठेवायचं का बंद करायचं. काही जण म्हणतात मोबाईल बंद करा मग बघा चर्च कसं भरते, काही म्हणतात जमाना बदलला, ज्याला जिथून जमेल तिथून पाहू द्या, कशाला कोणावर जबरदस्ती. मी इतके वर्षं संडे स्कूल घेते, भगिनी मंडळासोबत घरोघरी प्रार्थनेला जाते, त्यामुळं दोन्ही बाजूंचे लोक मला चांगले माहीत आहेत अन् मला दोघांनाही काहीतरी सांगायचं आहे. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा मग बोला.

आधी माझं मत सरळ सांगून टाकते. ज्याचे पाय चालतात त्यानं चर्चमध्ये आलं पाहिजे. ज्याचे चालत नाहीत त्याच्यासाठी मोबाईल चालूच राहिला पाहिजे. आणि त्याच्या घरी आपण गेलो पाहिजे, हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे अन् त्याच्यावरच कोणी बोलत नाही.

२०२० आठवा जरा. मार्चमध्ये सगळं बंद झालं, गुड फ्रायडे गेला, १२ एप्रिलला ईस्टर होता आणि पहाटेच्या भक्तीला चर्चचं दार उघडलं नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर त्यांच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. मग पोरांनी झूम सुरू केलं, फुकटातलं झूम चाळीस मिनिटांनी बंद पडायचं, म्हणजे गीतं झाली, वाचन झालं, पास्टर साहेब संदेशाच्या मध्यात आले की सगळे बाहेर फेकले जायचे आणि पुन्हा नवीन लिंक. त्यात आपल्याकडची रेंज, त्यात लाईट. एकत्र गाणं तर जमलंच नाही कारण आवाज पोचायला उशीर लागतो आणि ते ॲप एका वेळी एकाचाच आवाज पुढं काढते, म्हणून बाकी सगळ्यांनी म्यूट राहायचं आणि एकानं गायचं. ज्या मंडळीत पेटी अन् ढोलकी सुरू झाली की मागच्या सतरंजीवरच्या आजीसुद्धा टाळ घेऊन उभ्या राहतात त्या मंडळीनं वर्षभर म्यूटवर स्तुती केली. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. त्या काळात तेवढंच होतं, आणि तेवढ्यावर कितीतरी घरं तगली. दुसऱ्या लाटेत अंत्यविधीला वीसच माणसांची अट होती तेव्हा पोराला पुण्याहून येता आलं नाही आणि त्यानं बापाची माती व्हिडिओ कॉलवर पाहिली, असं आपल्याच लोकांमध्ये झालेलं आहे. तो कॉल नसता तर त्याच्याजवळ काहीच राहिलं नसतं.

पण नंतर काय झालं ते पण नीट आठवलं पाहिजे, कारण आता जे म्हणतात ना की लोक आळशी झाले, घरी बसून चहा पीत पीत भक्ती पाहायची सवय लागली, ते अर्धंच खरं आहे. १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली. आपल्याकडं लोक जरा जरा यायला लागले तर फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागलं, बाकी महाराष्ट्राच्या आधी, आणि एप्रिलमध्ये तर सगळ्यांचंच बंद. मग ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला परत उघडलं. आम्ही चर्च झाडून पुसून घेतलं, सतरंज्या धुतल्या, आणि महिना पण झाला नाही तर एसटीचा संप! तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आता आपल्या मंडळीतले निम्मे लोक आजूबाजूच्या खेड्यातून एसटीनं येणारे, ज्यांच्याकडं गाडी नाही, ऑटो स्पेशल करायचा तर दिवसाची मजुरी जाते. त्यांच्यासाठी चर्च उघडूनही बंदच होतं. दोन वर्षं जो माणूस रविवारी सकाळी नवा कपडा घालून स्टँडवर उभा राहिला नाही त्याची घडी मोडली, त्यात त्याचा दोष किती काढायचा ते तुम्हीच सांगा.

आता मोबाईल बंद करा म्हणणाऱ्यांना विचारते, कोणाचा बंद करून राहिले तुम्ही? मला माहीत आहे कोण पाहते ते. एक आजी आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. एक सून आहे, सासरी चर्चला जायचं नाव काढता येत नाही, ती कानात इअरफोन घालून भाकरी थापता थापता ऐकते आणि माझ्याशिवाय मंडळीत हे कोणाला माहीत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, वेचणी किलोवर असते, रविवार आहे म्हणून घरी राहिल्या तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार, त्या संध्याकाळी घरी येऊन रेकॉर्डिंग लावतात. पोरं आहेत चाकणला कंपनीत, शिफ्टमधून सुटून रूमवर पडल्या पडल्या आपल्या गावच्या पास्टर साहेबांचा आवाज ऐकतात. (पोरांनो, तुम्हाला मात्र एक सांगणं आहे, तिथं जवळपास एखादी मंडळी शोधा रे. गावचं पाहा, नक्की पाहा, पण ताप आला तर रूमवर डबा घेऊन येणारं तिथलं कोणीतरी पाहिजे.) हे सगळे लोक लॉकडाऊनच्या आधीही होते. तेव्हा त्यांना रविवारी काहीच मिळत नव्हतं आणि आपल्यापैकी कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. म्हणून कॅमेरा बंद करायच्या मी पूर्ण विरोधात आहे.

पण जे धडधाकट आहेत, ज्यांच्या दारात गाडी उभी आहे, जे शनिवारी बाजाराला येतात, लग्नाला पन्नास किलोमीटर जातात आणि रविवारी म्हणतात आम्ही ऑनलाइन जॉइन होतो, त्यांच्याशी माझं भांडण आहे आणि ते मी उघड मांडते. बरं त्यातले बरेच जण आपली भक्ती पाहतच नाहीत. मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रचारकांचं यूट्यूब पाहतात. तिथं लाइट आहेत, कीबोर्ड आहे, गिटार आहे, संदेश असा की अंगावर काटा येतो. आपले पास्टर साहेब मोटरसायकलवर चार गावं करतात, कोणाच्या घरी मयत, कोणाचा दवाखाना, रात्री उशिरा संदेशाची तयारी, त्यांनी त्या स्टेजशी बरोबरी कशी करायची? आणि दान पण हळूहळू तिकडंच जाते, स्क्रीनवर क्यूआर कोड येतो अन् इथल्या थैलीत दहाची नोट पडते. त्या मोठ्या प्रचारकाला मी वाईट म्हणत नाही, संदेश चांगला असेल तर ऐका, सोमवारी ऐका, मंगळवारी ऐका. पण तुमची माय गेली तर खड्ड्याच्या काठावर उभं राहायला तो येणार नाही, त्याला तुमचं नाव माहीत नाही.

मला सगळ्यात जास्त काय खटकते सांगू का, ऑनलाइनवर कोण नाही ते दिसत नाही. आकडा दिसतो, इतके जण पाहून राहिले, पण कोणाची जागा रिकामी आहे ते कुठं दिसते? चर्चमध्ये आपल्या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, पुरुष एका बाजूला बाया एका बाजूला, खिडकीजवळ कोण बसते, खांबाला टेकून कोण बसते हे लहान लेकरू पण सांगेल. आमच्याकडं एक काकाजी सलग दोन रविवार दिसले नाहीत तर एका बाईनं भक्ती संपल्या संपल्या विचारलं, काहून गा, काकाजी दिसून नाही राह्यले? जाऊन पाहिलं तर पायाला जखम, शुगर वाढलेली, पाय काळा पडायला लागलेला आणि ते कोणाला सांगत नव्हते कारण पेरणीचे दिवस, पैसा नाही. दवाखान्यात नेलं, पाय वाचला. ही खिडकीजवळची रिकामी जागा होती म्हणून झालं. संदेश त्या दिवशी कशावर होता मला आठवत पण नाही.

आणि खऱ्या प्रार्थना तर माईकवर होतच नाहीत. माईकवर सगळे म्हणतात आमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा. बाहेर चपला घालताना, लिंबाखाली, एक बाई दुसरीला हळूच सांगते की पोरीचं जमून राहिलं पण ते लोक गाडी मागतात, एक जण सांगतो की सोयाबीन गेलं आता बँकेचं कसं करू. आपण विदर्भात राहतो. कर्जाच्या पायी आपल्या भागात किती घरं उद्ध्वस्त झाली ते आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. मनात काय चाललं आहे हे बोलून टाकायला माणसाला जागा लागते आणि समोर एक ओळखीचा चेहरा लागतो, या बाबतीत मी खूप हट्टी आहे, कारण ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकणारा माणूस आतून किती खचला आहे ते मोबाईलवरून मला तरी कळत नाही.

आता पवित्र शास्त्राचं. इब्री लोकांस पत्र १०:२५ सगळ्यांना पाठ आहे, एकत्र जमणं सोडू नका. हे वचन आजकाल न येणाऱ्याच्या डोक्यात काठीसारखं घातलं जाते. त्याच्या आधीचं २४ वं वचन पण वाचा ना, तिथं एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मासाठी उत्तेजन द्यायचं लिहिलं आहे, जमायचं ते त्यासाठी. पौलानं जन्मभर पत्रं लिहिली, कैदेतून लिहिली, आणि त्या पत्रांवर मंडळ्या जगल्या, म्हणजे दुरून केलेली सेवा खोटी आहे असं म्हणताच येत नाही. पण तोच पौल पुन्हा पुन्हा लिहितो की मला तुम्हाला भेटायची ओढ लागली आहे. योहानाचं दुसरं पत्र तर केवढंसं, त्याच्या शेवटी तो म्हणतो लिहिण्यासारखं पुष्कळ आहे पण कागद अन् शाईनं नको, समोर येऊन बोलू. आणि आजाऱ्याबद्दल याकोब ५:१४ काय सांगते? आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी त्याच्यावर प्रार्थना करावी. म्हणजे चालत जायचं काम कोणाचं झालं?

ती खुब्याचं हाड मोडलेली आजी, तिच्या नातवानं तिला मोबाईल लावून दिला, उशीला टेकवून ठेवतो. मी गेली तर मला म्हणे, “बाई, माह्या मोबाईलात पास्टर साहेब दर रविवारी येते, मंडळी येते, माह्या घरी काहून कोनी नाही येत?” लॉकडाऊनच्या आधी कोणी खाटेवर पडलं की चार बाया जायच्याच, पास्टर साहेब मेज (प्रभूभोजनाची भाकर अन् रस) घेऊन जायचे, कोणी चिवडा घेऊन जायचं कोणी संत्री. आता विचारलं तर उत्तर येते, अरे त्यांना लिंक जाते ना. माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. ऑनलाइन भक्तीनं आजीचं नुकसान नाही केलं, तिला त्यानं संदेश दिला, गीतं दिली. तिच्याकडं जायची आपली वाट मात्र आपण बंद केली आणि वरून आपल्याला वाटते की सोय झाली.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याचा कुष्ठरोगाचा दवाखाना आपल्या भागातल्या प्रत्येक जुन्या ख्रिस्ती घराला माहीत आहे. ज्यांना घरच्यांनी, गावानं दूर केलं त्यांच्या जखमा तिथं लोकांनी हातानं धुतल्या. आपल्या आजी-आजोबांनी ते डोळ्यांनी पाहिलं. विश्वास आपल्याकडं असा आला आहे, माणसाजवळ जाऊन बसल्यानं, त्याला हात लावल्यानं.

प्रभूभोजनाबद्दल पण वाद आहे ते मला माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये काही मंडळ्यांनी घरोघरी भाकर आणि रस ठेवून स्क्रीनसमोर घ्यायला सांगितलं, काहींनी सांगितलं थांबा, उघडल्यावर घेऊ. कॅथलिक लोकांत बिशपांनी रविवारच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या भक्तीला, यायचं बंधन तेवढ्यापुरतं सैल केलं होतं. आणीबाणी होती, ज्यानं जे केलं ते प्रभूसमोर केलं, मी त्याचा न्याय करत नाही. पण आता आणीबाणी नाही, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पण तसं जाहीर केलं. आता खाटेवरच्या माणसाला मेज घरी नेऊन दिलंच पाहिजे, महिन्यातून एकदा तरी.

तर कमिटीसमोर मी हे मांडणार आहे. लाइव्ह चालू राहील, पण आपल्या ग्रुपपुरतं, आणि घरून पाहणाऱ्यांची नावं आपल्याजवळ राहतील. (त्या सुनेचं नाव मी कोणाला देणार नाही, ते माझ्याकडंच राहील.) दर रविवारी भक्तीनंतर दोघं दोघं जण त्यातल्या एका घरी जातील, तरुण संघाची पोरं पण, फक्त बायाच नाही. भक्तीची वेळ एसटीच्या वेळेला धरून अर्धा तास पुढं न्यायची, आधी पण आपण तसंच करत होतो. पंच्याहत्तरच्या वरच्या माणसांना २०२२ पासून एसटी फुकट आहे आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, हे पण आपल्या कितीतरी आज्यांना कोणी सांगितलेलं नाही, त्यांचं कार्ड काढायला कोणीतरी सोबत जावं लागते. आणि वेचणीच्या महिन्यात रविवारी संध्याकाळी एक छोटी भक्ती ठेवायची, शेतातून आलेल्या बायांसाठी, वीस मिनिटं का होईना.

यंदाच्या कापणीच्या सणाला आपण भोपळे, तुरीच्या शेंगा, ज्वारी, जे काय येईल त्याचा लिलाव करूच. त्या दिवशी खाटेवरच्या प्रत्येक घरी त्यातलं काहीतरी पोचवायचं आहे, आणि शक्य त्यांना ऑटोनं चर्चला आणायचं आहे. ऑटोवाल्याशी मी बोलली आहे. तुमच्या घरी किंवा तुमच्या गावात आपलं असं कोणी असेल जे बरेच दिवस येऊ शकलं नाही, तर मला इनबॉक्स करा, कमेंटमध्ये नाव टाकू नका. आणि ज्यांच्याकडं चारचाकी आहे त्यांनी सणाच्या सकाळी ती द्यायची का ते आत्ताच सांगा, म्हणजे बाहेरच्या गावांची वाटणी करता येईल.