पाच टनांचा हिशेब

"ह्याला इंजिन म्हणायचं? हे तर जत्रेत पोरांना फिरवायचं खेळणं दिसतंय," असं म्हणून शेठनी मोबाईल परत केला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

फोटो होता बार्शी लाईटच्या, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीच्या लहान रेल्वेच्या, पहिल्या इंजिनांपैकी एकाचा. साल 1897, बनावट लीड्सच्या किटसन कंपनीची. फोटो दाखवणारा आमचा डिप्लोमा. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणून त्याचं हेच नाव पडलंय. शेठ आडतीतले, त्यांना वजनाशिवाय दुसरी भाषा कळत नाही. अण्णांचा जन्म वाफेच्या इंजिनांची नटबोल्ट उघडण्यात गेला. मास्तर इतिहासाचे. म्हणजे भांडणाला लागणारं सगळं साहित्य जागेवर हजर होतं.

"खेळणं म्हणू नका शेठ," अण्णा म्हणाले. "आठ चाकं जोडलेली आहेत, मोजा. पुढं चार जोड्या, सगळ्या दांड्यांनी बांधलेल्या, आणि मागं चार चाकांची बोगी. पुढं सुटं चाक नाही, म्हणून झिरो-एट-फोर; पाणी इंजिनावरच्याच टाक्यांत, म्हणून टँक. त्या काळात एवढ्याशा गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर, असलं इंजिन आणायची छाती लागते."

"चाकं आठ असू देत नाहीतर सोळा. गेज केवढं? अडीच फूट. त्यावर ताकद ती काय येणार?"

इथं डिप्लोमा मध्ये पडला. गेजचा आणि ताकदीचा थेट संबंध नाही, असं त्याचं म्हणणं. डभोईचं बघा, म्हणाला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम रेल्वे टाकली, तीही अडीच फुटाचीच. पुढच्या वर्षी नीलसन कंपनीचं इंजिनही आलं. पण रूळ होते वाराला, म्हणजे तीन फुटाला, 13 पौंडांचे. इंजिन त्यावर नेमानं चालवणं जमेना, म्हणून डबे ओढायला बैल. जड रूळ टाकून 1873 मध्ये लाईन पुन्हा सुरू झाली, तेव्हा कुठं इंजिनाचा मार्ग मोकळा झाला.

"म्हणजे रेल्वे गायकवाडांची आणि इंजिन खिलारी!" मास्तरांना हसू आवरेना.

"हसू नका मास्तर, दहा वर्षं बैलांनीच सांभाळलंय ते," डिप्लोमा म्हणाला. "गेज तेवढंच. अडलं कुठं? रुळाच्या जाडीत."

शेठनी लगेच तेच हत्यार उचललं. "मग टाकायचे जड रूळ, आणायचं मोठं इंजिन. हलकं-हलकं कशाला करायचं? कंपनी विलायतेची, पैसा तिच्याकडं. आपल्या माथी मात्र स्वस्तातला माल मारला."

माझ्या मते खरा वाद इथं सुरू झाला, कारण शेठचा हा समज नुसता शेठचा नाही. बार्शीतली निम्मी माणसं आजही तेच म्हणतात: इंग्रजांनी आपल्याला लहान गाडी दिली. दिली कुणी नि का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

मास्तरांनी सुरुवातीपासून धरलं. जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, मुंबई-मद्रास लाईन 1859-60 च्या सुमारास कुर्डुवाडीवरून सोलापूरला गेली आणि बार्शी बाजूला राहिली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाचं नाव तेव्हा बार्शी रोड. बार्शी तिथून 35 किलोमीटर आत. इथली पेठ मोठी, कापूस नि धान्य गाड्याच्या गाड्या भरून निघायचं, आणि पुढं पावसाळ्यात काळ्या रानातली वाट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा माणूस 1882 मध्ये जीआयपीत लोको इन्स्पेक्टर म्हणून आला. मोठ्या लाईनला जाऊन मिळणारे स्वस्त फाटे टाकले तर आतले गाव उभे राहतील, हे त्याच्या डोक्यात बसलं. पुढं नोकरी सोडून तो ह्याच कामामागं लागला. बार्शी लाईटची कंपनी 1895 मध्ये उभी राहिली आणि 1897 मध्ये गाडी धावली.

"स्वस्त म्हणजे किती स्वस्त?" शेठ.

"वाराला 30 पौंडांचा रूळ," अण्णांनी उत्तर दिलं. "म्हणजे मीटरला पंधरा किलो धरा. आता ब्रॉडगेजला साठ किलोचा टाकतात. पाऊणपट लोखंड वाचलं की."

"तेच म्हणतोय मी! हलका रूळ, हलकं इंजिन, हलका माल."

अण्णा उठले. विटेचा तुकडा घेतला आणि ओट्यावर गोल काढायला लागले. चार गोल, वर बॉयलरचा आडवा पट्टा, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या, मागं केबिन, त्याखाली दोन लहान गोल. प्रत्येक मोठ्या गोलाखाली त्यांनी 5 लिहिलं.

"हा रूळ एका एक्सलखाली, म्हणजे चाकांच्या एका जोडीखाली, पाच टन सोसतो. सहा टाकलंस तर वाकेल, स्लीपर दबेल. आता इंजिन जड पाहिजे, नाहीतर चाकं धरत नाहीत, जागच्या जागी फिरतात. मग करायचं काय? एक्सल वाढवायचे. पाच चोक वीस. वीस टन वजन रुळाला धरून बसलं आणि रुळाला कळलं फक्त पाच. केबिनचं नि कोळशाचं वजन मागच्या बोगीवर. कोरड्या रुळावर वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा ओढ धर, चार टनाची ओढ कुठं गेली नाही."

"आणि टाकीतलं पाणी संपलं की?" डिप्लोमानं बरोबर नस पकडली.

"संपलं की पकड कमी. टँक इंजिनाचं ते दुखणं आहेच. भरल्या टाकीला पाचच्या आत राहायचं आणि अर्ध्या टाकीला चढ काढायचा. ड्रायव्हरला वाळू टाकायची अक्कल पाहिजे." मग आपणहून म्हणाले, "हे किटसनवालं मी चालताना पाहिलेलं नाही. माझ्या हाताखालनं गेली ती नंतरची, टेंडरवाली, पाणी-कोळसा मागच्या वेगळ्या गाडीत नेणारी. पण हिशेब तोच."

शेठ गप्प बसणाऱ्यातले नाहीत. "इंजिनाचं झालं. माल किती न्यायचं ते सांग. मला इंजिनाचं काय करायचंय?"

अण्णांनी इंजिनाच्या मागं एक लांबट चौकोन काढला. त्याखाली पुढं दोन गोल, मागं दोन. आणि पुन्हा प्रत्येकाखाली 5.

"ही वाघीण, मालाचा डबा. हिलाही चार एक्सल."

शेठ ओट्याकडं बघत राहिले. आडतीतल्या माणसाला बेरीज करायला वेळ लागत नाही. "म्हणजे वाघीण भरून वीस टन?"

"मोकळी वाघीण आणि आतला माल मिळून वीस. आता तूच सांग, इंजिनासाठी पाच टनाचा रूळ टाकला आणि वाघिणीखाली एक्सलला दोनच टन आलं, तर तीन टनाचा रूळ फुकट गेला की नाही? बाकीच्या लहान लाईनींवर तेच चालायचं. ह्या गड्यानं नियम केला: इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, सगळ्यांना एक्सलला पाच टनांपर्यंत भरायचं. वाघिणीचा सांगाडा दाबलेल्या पोलादी पत्र्याचा केला, म्हणजे तिचं स्वतःचं वजन घटलं, तेवढा माल वाढला."

मास्तरांनी जोड दिली की हे सगळं जहाजात चढवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरती लाईन टाकून, चढ-वळणं करून, इंजिन नि वाघिणी लोकांसमोर चालवून दाखवल्या होत्या. आणि बार्शीचा अनुभव मग उलटा विलायतेला गेला. स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाईन 1904 मध्ये झाली, तिचाही इंजिनियर कॅल्थ्रॉपच. तिथली दोन इंजिनं किटसनचीच, कपाळावर हिंदुस्थानी थाटाचा भला मोठा दिवा. तिकडच्या धुक्यात बार्शीची चुलत भावंडं हिंडत होती म्हणायची. ती लाईन 1934 मध्ये बंदही पडली. आपली मात्र 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली.

(ह्याच कॅल्थ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट तयार केलं, हे मास्तरांनी सांगितल्यावर डिप्लोमाला इंजिनाचा विसरच पडला. पाच मिनिटं कट्टा हवेत होता.)

खाली आणलं ते शेठनी. "हिशेब मान्य. माणूस डोक्याचा होता, तेही मान्य. पण कुर्डुवाडीत काय? इथं पोतं भरलं, तिथं उतरवलं, मोठ्या वाघिणीत चढवलं. दोनदा हमाली, दोनदा आकडे लागून पोतं फाटणार, सांडलेलं कुणाचं? ते तुमच्या पाच टनात कुठं बसतं?"

ह्याला अण्णांकडं उत्तर नव्हतं. मास्तरांकडं अर्धं होतं: त्या मॅनिफोल्डवर कॅल्थ्रॉपनं ब्रॉडगेजची आख्खी वाघीणच लहान गाडीच्या पाठीवर बसवून न्यायची सोय केली होती. "म्हणजे दुखणं त्याला ठाऊक होतं," मास्तर म्हणाले.

"तिकडं औषध दिलं, इकडं आम्ही हमाली भरली," शेठ.

मला विचाराल तर दोघंही बरोबर. इंजिनाला खेळणं म्हणणं हा अडाणीपणा, कारण तीस पौंडी रुळावरून त्याहून जास्त माल काढायची युक्ती त्या काळात फारशा कुणाला साधली नव्हती. पण गेज बदललं की माल उतरवावाच लागतो, ते कुठल्या इंजिनानं सुटत नाही. सरकारनं 1954 मध्ये लाईन ताब्यात घेतली, वाफ गेली, डिझेल आलं, तरी कुर्डुवाडीची ती चढउतार 2008 मध्ये बार्शीचे रूळ ब्रॉडगेज होईपर्यंत सुटली नाही.

"बैलगाडीपेक्षा स्वस्त पडत होतं की नाही, तेवढं सांग," अण्णा शेवटचं म्हणून बोलले.

"पडत होतं. नसतं पडलं तर माझ्या आज्यानं मालच दिला नसता," शेठ म्हणाले. "पण खेळणं म्हटलेलं मी मागं घेत नाही. महागाचं खेळणं म्हणतो. चला, चहा अण्णांचा."

"माझा का म्हणून?"

"रूळ तुझे, एक्सल तुझे, हिशेब तुझा. बिल कुणाचं?"