रामटेकची वानरं अन् आपण: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही लिहिलं की वानरांच्या अभ्यासातून माणूस कळत नाही, उलट 'हिंसा रक्तातच आहे' म्हणत हात झटकायला निमित्त मिळतं. आणि वर विचारलं की माकडाचा माणूस झाला तर रामटेकची वानरं अजून वानरंच काहून?

दुसऱ्याचं आधी सांगतो, सोपं आहे. ती आपली पूर्वज नाहीतच. त्यांची अन् आपली वाट अडीच-तीन कोटी वर्षांआधी फुटली, चिंपांझींशी 60-70 लाख वर्षांआधी, अन् तेव्हापासून तेही बदलत आले, आपणही.

पहिला मुद्दा मात्र मनाला लागला, कारण मी नेमकं उलटं म्हणून राहिलो. 1960च्या दशकात जपानी संशोधक युकिमारू सुगियामांनी कर्नाटकात धारवाडजवळ अशाच काळतोंड्या वानरांत पाहिलं की बाहेरचा नर येतो, टोळीच्या नराला हाकलतो अन् आधीची पिल्लं मारतो. पुढे राजस्थानात माउंट अबूला अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डींनी त्याचं कारण मांडलं, की दूध पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, म्हणजे नव्या नराचा त्यात फायदा असतो. वाचून अंगावर काटा येते. पण ज्या टोळीत बरेच नर सोबत राहतात तिथं हे क्वचितच होतं! प्राणी तेच, राहण्याची पद्धत बदलली की वागणं बदललं. मग हात झटकायला जागा उरते कुठं?

आणि हेच वानर रामटेकच्या गडावर जरा बसून पाहा. नवं पिल्लू काळपट, गुलाबी तोंडाचं, आई निवांत पाला खाऊन राहिली असते अन् पिल्लू भलत्याच मादीच्या छातीशी, ते चिरकलं की तिसरी ओढून घेते, शेवटी आई येऊन नेते. चिंपांझीची आई सुरुवातीचे कित्येक महिने पिल्लू कोणाच्या हातात सहसा देतच नाही, आपण मात्र पाचवीच्या आतच बाळ साऱ्यांच्या मांडीवर फिरवतो. हर्डींचं पुढचं म्हणणं असं की माणसाचं लेकरू एकट्या आईच्या बळावर वाढूच शकलं नसतं, आजी-मावश्या होत्या म्हणून वाढलं, अन् दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची आपली ताकद त्यातूनच आली. मले हे फार पटते. यावर वाद घाला, आनंदानं घालू.

फक्त गडावर त्यांना बिस्किटं देऊ नका. त्यावरून जी ओढाताण होते ती त्यांचा स्वभाव नाही, आपण लावलेली असते.