ताबा सुटला नव्हता, डोळा लागला होता

अपघाताच्या बातम्यांमधलं एक वाक्य आता मला वाचवत नाही. "चालकाचा गाडीवरील ताबा सुटला." ताबा असा आपोआप सुटतो का हो? पहाटेची वेळ, रस्ता सरळ आणि मोकळा, गाडीत एकटाच माणूस, गाडी हळूहळू कडेला जाऊन झाडावर नाहीतर उभ्या ट्रकवर आदळलेली, आणि रस्त्यावर ब्रेक मारल्याची टायरची खूणसुद्धा नाही. तपास करणारे लोक हेच बघून अंदाज बांधतात. जागा माणूस शेवटच्या क्षणाला का होईना ब्रेक दाबतो, स्टेअरिंग फिरवतो. ज्याने काहीच केलं नाही तो बहुतेक झोपेत होता.

आणि हे नंतर सिद्ध करणंही अवघड असतं. दारू प्यायलाय का ते मशीनमध्ये फुंकायला लावून कळतं. झोप आली होती का हे सांगणारं असं मशीन नाही, आणि धडक बसल्यावर तर कोणीही टक्क जागा होतो. म्हणून आकड्यांमध्ये झोपेचे अपघात नेहमी कमीच दिसतात.

मी हे लिहितेय कारण हे माझ्या हातून झालंय. बाबा दवाखान्यात होते, मी आणि माझा धाकटा भाऊ दोन रात्री तिथेच बाकावर बसून होतो, तिसऱ्या रात्री बाबांना जरा बरं वाटलं, काकू थांबल्या आणि म्हणाल्या तुम्ही घरी जाऊन या. निघालो तेव्हा साडेतीन वाजले होते. भाऊ म्हणाला ताई मी चालवू का, मी म्हटलं तू झोप, मी आहे. आधी नुसत्या जांभया, मग डोळ्यात वाळू गेल्यासारखं, मग समोरच्या पांढऱ्या पट्ट्या एकमेकींत मिसळायला लागल्या. मी काच खाली केली, गाणी मोठी केली, स्वतःच्या गालावर चापट मारली. मनात एकच, अजून थोडंच राहिलंय. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. आठवतो तो टायरखाली खडी वाजल्याचा कर्रर्र आवाज आणि भावाने ओढलेलं स्टेअरिंग. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक रस्ता सोडून खाली उतरलं होतं आणि भाऊ नुसता "ताई, ताई" करत होता.

माझे डोळे मिटले होते की उघडे होते हे मला आजही सांगता येणार नाही. याला मायक्रोस्लीप म्हणतात, काही सेकंदांची झोप, कधीकधी डोळे उघडे असतानाही मेंदू तेवढा वेळ बंद असतो आणि नंतर माणसाला वाटतं आपण जागेच होतो. आता हिशोब करा. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर, फुटबॉलच्या अख्ख्या मैदानाएवढं अंतर, गाडी कोणीही न चालवता.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी जागरण आणि दारू यांची सरळ तुलना केली होती. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडतो, आणि २४ तास जागं राहिलं की साधारण ०.१० टक्क्याइतका. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर काम करून रात्री अकराला लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस, ज्याला आपण कौतुकाने म्हणतो की काय स्टॅमिना आहे, तो बऱ्याच देशांच्या कायद्याने दारूची जी हद्द ठरवलीय तिथपर्यंत आलेला असतो. प्यायलेल्या माणसाच्या हातातून आपण किल्ली काढून घेतो, पण पेंगणाऱ्याला म्हणतो "जपून जा हं".

माझं म्हणणं एवढंच आहे की झोप हा निश्चयाचा विषय नाही. दिवसभर जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते जितकं जास्त तितकी झोप जास्त, आणि त्यात शरीराचं घड्याळ मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चारच्या सुमाराला आपल्याला खाली खेचतं. मोठा अनुभव, तरुण वय, रोजचा रस्ता, यातलं काही कामाला येत नाही. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही की "मी अजून चालवू शकतो का" हे ज्या मेंदूने ठरवायचं तोच अर्धा झोपलेला असतो. म्हणून त्या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. निघायच्या आधी, डोकं जागेवर असताना ठरवून ठेवा.

काच उघडणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, चिमटे काढणं, हे सगळं आपण सगळेच करतो, मीही केलं. याने काही मिनिटं बरं वाटतं आणि तेच घातक आहे, कारण तेवढ्या भरवशावर आपण पुढचे वीस किलोमीटर ओढतो. खरा उपाय झोपच. नाइलाज असेल तर गाडी सुरक्षित जागी लावा, म्हणजे पंपावर किंवा उजेडाच्या पार्किंगमध्ये, हायवेच्या कडेला नाही, तिथे मागून येणाराही पेंगत असू शकतो. कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांचा अलार्म लावून सीट मागे करून डोळे मिटा. हे उलटं वाटतं पण कॅफिनला असर करायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर छोटी झोप होऊन जाते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी हे प्रयोग करून दाखवलंय. उठल्यावर लगेच गाडी हाणू नका, थोडं चाला, गुंगी उतरू द्या. इंजिन चालू ठेवून बंद काचांमध्ये झोपायचं नाही, धुराचा विषारी वायू आत येऊ शकतो. आणि ही सोय तास-दीड तासाची आहे, रात्रभराच्या झोपेची भरपाई नाही.

सर्दी-खोकल्याच्या आणि अ‍ॅलर्जीच्या औषधांबद्दल कोणी बोलतच नाही. त्यातल्या कितीतरी गोळ्या-सिरपनी गुंगी येते, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. मेडिकलवाल्याला विचारा, गाडी चालवायचीय, चालेल का. घरात कोणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या घेत असेल तर त्याला स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. असा माणूस आठ तास झोपूनही स्टेअरिंगवर पेंगतो, त्याला डॉक्टरकडे न्याच, यावर चांगले उपचार आहेत.

पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. त्यांना कळत नाही असं नाही, त्यांना थांबू दिलं जात नाही. युरोपात ट्रक-बस ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायचीच असा नियम आहे आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. जिथे असा नियम नाही किंवा कागदावरच आहे तिथे "सकाळी सातला माल पोचलाच पाहिजे" म्हणणारा मालक त्या अपघाताचा निम्मा धनी आहे, असं मला स्पष्ट वाटतं. नाइट शिफ्ट संपवून घरी जाणारे नर्स, डॉक्टर, सिक्युरिटीवाले, यांनाही घरी सोडायची गाडी मिळायला हवी, ती काही चैन नाही.

आणि आपण घरचे. दर अर्ध्या तासाला "कुठे पोचलास, अजून किती वेळ" असे फोन आपणच करतो ना? त्याने पेंगणारा माणूस थांबत नाही, उलट रेटतो. त्यापेक्षा म्हणा, थांब, झोप, उद्या ये, आम्ही वाट बघतो.

त्या रात्रीनंतर भावाने आमच्या गाडीत एक पद्धत पाडलीय. रात्रीच्या प्रवासात शेजारचा झोपत नाही, आणि अधूनमधून विचारतो, आत्ता मागे गेलेल्या पाटीवर काय लिहिलं होतं? सांगता आलं नाही तर वाद घालायचा नाही, किल्ली द्यायची. मागच्या महिन्यात परत येताना त्याने मला विचारलं. मी खूप आठवून पाहिलं, पाटी सोडा, गेला अख्खा पूलच मला आठवत नव्हता. पुढच्या पंपावर गाडी आत घेतली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन झोपले.