घरी बांधलेला संच आणि विकतचा संच : साताऱ्याच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

नव्या हॅमने (हौशी रेडिओचालकाने) आपला पहिला रेडिओ संच स्वतः बांधावा, या माझ्या लेखातील मतावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. घरी बांधलेले ट्रान्समीटर बँड (हौशी रेडिओसाठी ठरवून दिलेले लहरींचे पट्टे) खराब करतात, हा पहिला. आणि 2019 च्या महापुरासारख्या प्रसंगी अर्धवट जोडलेली सर्किटची पाटी नव्हे, तर बटण दाबताच चालणारा शंभर वॅटचा संच लागतो, हा दुसरा. बांधणे स्वस्त पडत नाही, असेही आपण जाता जाता म्हटले आहे. ते खरेच आहे. काटकसरीसाठी बांधा, असे मी लिहिलेलेही नाही.

पहिला आक्षेप गंभीर आहे. 7.1 मेगाहर्ट्झवरील ट्रान्समीटरला लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारी गाळणी) नसेल, तर त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट नको असलेल्या लहरी, 14.2 आणि 21.3 मेगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्याच इतर दोन बँडांवर उमटतात. पण हा दोष फिल्टर वगळण्याचा आहे, घरी बांधण्याचा नव्हे. अतिस्वस्त विकतच्या हँडसेटमध्येही तो आढळतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तार टोरॉइडवर (चुंबकीय कड्यावर) गुंडाळून ज्याने तो फिल्टर स्वतः बसवला आहे, त्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स हा घरी बांधायचा संच मी सुचवला तो याचसाठी. त्यातील बरेचसे टप्पे ऐकताना आणि बोलताना दोन्ही दिशांनी तेच वापरले जातात, त्यामुळे संपूर्ण आराखडा डोक्यात मावतो, आणि शेवटचा आयआरएफ510 ट्रान्झिस्टर जळाला (तो जळतो!) तर घरीच बदलता येतो.

पूरकाळासाठी तपासून ठेवलेला विकतचा संच असावा, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र संच विकत घेतला तरी अँटेनाचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाच्या अंगणात वेगळे असते. साताऱ्यात यवतेश्वर आणि अजिंक्यतारा या डोंगरांच्या आडोशाला व्हीएचएफचा (सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींचा) हँडसेट रिपीटरवाचून, म्हणजे उंचावरून संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रावाचून, लगेच अडतो. त्याउलट साध्या वायरिंगच्या तारेचा सुमारे वीस मीटर लांबीचा डायपोल (मध्यातून जोडलेली दोन बाजूंची अँटेना) पाच-सहा मीटर उंचीवर ताणला, तर 7 मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी सरळ वर जातात आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून, डोंगर ओलांडून, पुण्या-मुंबईपर्यंतचा टापू दिवसा बहुधा व्यापतात. सौरचक्राच्या मंद वर्षांत (सूर्यावरील डाग कमी असताना) हे दरवेळी साधत नाही. तार थोडी लांब ठेवून, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाचा संचाशी मेळ किती जमला हे दाखवणारे उपकरण) पाहत दोन्ही बाजूंनी सारखी कापत जावी. हे काम कोणताही दुकानदार आपल्यासाठी आधीच करून ठेवू शकत नाही.

राहिला शंभर वॅटचा आग्रह. पाच वॅटच्या तुलनेत हा फरक 13 डेसिबलचा, म्हणजे एस-मीटरवर (येणाऱ्या संदेशाची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) दोन एककांहून किंचित अधिक भरतो. गोंगाटात तो नक्कीच उपयोगी पडतो. परंतु असा संच बोलताना बारा व्होल्टच्या बॅटरीतून वीसेक अँपिअर ओढतो, आणि पुरात वीज गेल्यावर ती बॅटरी पुन्हा भरणार कशी, याचा विचार आपल्या प्रतिक्रियेत आलेला नाही.