एकसुरी म्हणता? मग एकदा फ्लॉइडला जाऊन नाचा

ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम, म्हणजे अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं फिडल-बँजोचं संगीत, मला आवडतं असं म्हटलं, की नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी गोतावळ्यात ठरलेली प्रतिक्रिया येते: "अगं, पण ती सगळी गाणी सारखीच असतात ना?" परवा फ्लॉइडहून परत आल्यावर पुन्हा तेच ऐकलं, म्हणून हा प्रपंच. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आरोप अगदीच खोटा नाही. ओल्ड-टाइमची धून गाडीत किंवा हेडफोनवर ऐका, तिसऱ्या-चौथ्या फेरीला कंटाळा येतो. दोन भाग, प्रत्येक दोनदा, की झाली फेरी. अर्धं मिनिटही पुरतं. आणि मग तीच फेरी दहा वेळा, बारा वेळा. मध्ये कुणी एकटा पुढे येऊन करामत दाखवत नाही. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार सगळे एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. जॅममध्ये, म्हणजे जमेल त्याने येऊन वाजवायच्या बैठकीत, तर शेवट आला हे कळवायला धून सुरू करणारा नुसता एक पाय वर उचलतो.

पण ही धून बसून ऐकायला बांधलेलीच नाही.

फ्लॉइड हे व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरांमधलं चिमुकलं गाव. अख्ख्या काउंटीत एकच ट्रॅफिक सिग्नल आहे, आणि हे तिथले लोक अभिमानाने सांगतात. गावातल्या मुख्य रस्त्यावर फ्लॉइड कंट्री स्टोअर आहे. दिवसा दुकान: डांगऱ्या, पिंपांत भरलेल्या रंगीत गोळ्या, आइस्क्रीम. शुक्रवारी संध्याकाळी तिथेच जॅम्बोरी, म्हणजे गाण्या-नाचाचा जलसा, असते. आधी तासभर गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, तेव्हा मंडळी शांतपणे खुर्च्यांवर बसलेली. मग पहिला नाचाचा बँड चढतो, फिडलवाला पहिला गज ओढतो, आणि दोन मिनिटांपूर्वी काठी टेकत आलेले आजोबा मधल्या लाकडी फरशीवर हजर! कुणी विचारत नाही, कुणी आमंत्रण देत नाही. सात-आठ वर्षांची पोरं, कॉलेजातल्या मुली, डोंगरातले शेतकरी, आमच्यासारखे लांबून आलेले उत्साही, सगळे एकाच फरशीवर.

या नाचाला फ्लॅटफूटिंग म्हणतात. कमरेच्या वर जवळजवळ काही हलत नाही, चेहरा निर्विकार, आणि खाली पावलं मात्र जमिनीला चिकटून बोलत असतात. अनेकांच्या बुटांना पत्र्याचे टॅप ठोकलेले. आता बँडकडे नीट बघा: ड्रम नाही. तालवाद्य म्हणावं असं काहीच नाही. मंचावर नुसत्या तारा, आणि ताल त्या फरशीतून येतो. तिथे उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रकाश पडला तो लेहऱ्याचा. तबल्याच्या सोलोला पेटीवर तोच लेहरा तासभर फिरतो, तेव्हा "पेटीवाला एकसुरी वाजवतो" असं म्हणायची आपली हिंमत होते का? सुरावट जागच्या जागी असते म्हणून तर बोटांना मोकळीक मिळते. इथे पायांना मिळते. पाचव्या फेरीला पावलं धून ओळखतात, आठव्या फेरीला तिच्याशी खेळायला लागतात. रेकॉर्डिंगवर आपल्याला मिळतो तो फक्त लेहरा, आणि त्यावरून आपण निकाल देतो.

ब्लूग्रासचं गणित वेगळं आहे, आणि दोन्हींना एकाच पिशवीत टाकणाऱ्यांशी मी वाद घालणारच. ओल्ड-टाइम अंगणातलं आणि माजघरातलं. ब्लूग्रास रेडिओचं. केंटकीच्या बिल मन्रोने 1939 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमावर आपला ब्लू ग्रास बॉइज हा बँड आणला, आणि 1945 च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिनाचा अर्ल स्क्रग्ज हा तरुण त्यात बँजो वाजवायला आला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींवर नख्या चढवून त्याने जो काही धबधबा सुरू केला, त्यानंतर बँजो पूर्वीसारखा राहिला नाही. रेडिओला आणि तीन मिनिटांच्या तबकडीला बारा फेऱ्या कशा परवडणार? मग प्रत्येकाची पाळी आली, कारागिरी आली, वेग आला, उंच पट्टीतलं गाणं आलं. एकाच माइकभोवती पाच जण असे सफाईने पुढे-मागे होतात की तेही एक नृत्यच. त्या रात्री दुसरा बँड या वळणाचा होता. मॅंडोलिनवाली मुलगी अफाट तयारीची. पण गंमत अशी, की लय चढत गेली तशी फरशी रिकामी होत गेली आणि लोक टाळ्या वाजवणारे श्रोते झाले. मला दोन्ही आवडतं. तरी खरं सांगू? निवड करायची वेळ आली तर मी फरशी भरलेली ठेवणाऱ्या बँडकडे जाईन.

आता थोडं टोचणारं. या संगीताची पोस्टरं पाहिली की सगळीकडे गोरे, दाढीवाले, डोंगरातले आजोबा. जणू हे सगळं स्कॉटलंड-आयर्लंडहून थेट बोटीतून उतरलं. फिडलच्या कित्येक धुना आल्या तिकडून, मान्य. पण बँजो? तो आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी भोपळ्याला कातडं मढवून इथे घडवला. पश्चिम आफ्रिकेतल्या जोला लोकांचं अकोंटिंग हे तंतुवाद्य पाहा, त्यातली अंगठ्याने वाजणारी आखूड तार पाहा. बँजोच्या पाचव्या तारेचं घराणं तिथेच कळतं. सतार ऐकणाऱ्या कानाला ती तार चिकारीसारखी लगेच ओळखू येते, एकाच सुरावर टणटणत राहणारी. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून तमाशे केले, त्यातून हे वाद्य घरोघरी पोचलं आणि ज्यांचं होतं त्यांचं नाव मागे पडलं.

कॅरीहून फ्लॉइडला जाताना आय-40 हायवेवर मेबन हे गाव लागतं. त्या परिसरात जो थॉम्पसन हे कृष्णवर्णीय फिडलवादक 2012 पर्यंत हयात होते. गायिका आणि बँजोवादक रिअॅनन गिडन्स आणि तिचे साथीदार त्यांच्या घरी बसून शिकले. त्यातून उभ्या राहिलेल्या कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या बँडला 2011 मध्ये ग्रॅमी मिळालं. पुढे व्हर्जिनियाची हद्द यायच्या आधी माउंट एअरी. शेजारच्या टोस्ट गावात फिडलवादक टॉमी जॅरल राहायचे: आयुष्यभर राज्याच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवला, 1966 मध्ये निवृत्त झाले, आणि मग देशभरातली पोरं त्यांच्या दारात फिडल शिकायला येऊ लागली. ना क्लास, ना फी. स्वयंपाकघरात बसायचं, वाजवायचं, जेवायचं. गुरुकुल वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. इथे कुणी वापरत नाही, पण विद्या अशीच हातातून हातात गेली. एकाच दिवसाच्या ड्राइव्हमध्ये ही दोन्ही गावं येतात, आणि आपण मात्र त्या रस्त्याने फक्त हिरवी-लाल पानं बघायला जातो.

मीही नाचले, हे सांगायचं राहिलं. नवरा आइस्क्रीमचा कप घेऊन कोपऱ्यात सुरक्षित. मला सत्तरीपुढच्या एका बाईंनी हाताला धरून ओढलं आणि एकच गोष्ट शिकवली: उड्या मारू नकोस, जमीन सोडूच नकोस. लहानपणी मंगळागौरीत जमिनीवर पाय आपटायची सवय, त्यामुळे माझा आवाजच जास्त येत होता. बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं.

जाणार असाल तर दोन सूचना. ऑगस्टमध्ये जमलं तर फ्लॉइडपासून जवळच गॅलॅक्सला 1935 पासून भरणारं फिडलर्स कन्व्हेन्शन, म्हणजे फिडलवादकांचा मेळावा, असतं, तिथे मंचावरच्या स्पर्धेपेक्षा तंबूंमधल्या बैठका ऐका, रात्री उशिरापर्यंत चालतात. आणि फ्लॉइडला स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नका. रबरी तळ लाकडाला चिकटतो, पाऊल घसरत नाही आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. चामड्याच्या तळाचे जुने बूट घाला. माझे तर तिथल्याच एका गृहस्थांनी टॅप ठोकून द्यायचं कबूल केलंय, पुढच्या शुक्रवारी घेऊन जातेय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.